माझ्या जावेची फोर्कलिफ्ट

माझ्या धाकट्या जावेला कुणी हट्टी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हट्टी ती आहे, शंभर टक्के आहे, एका घरात राहून मला ते कळलं नसेल तर कुणाला कळणार? पण तसं म्हणायचा हक्क माझा. बाहेरच्यांनी तोंड सांभाळावं. त्यातून आमच्या कामावरच्या माणसांनी तर जास्तच, कारण तिला गाडीवरून उतरवलं तेव्हा ही सगळी मंडळी मूग गिळून बसली होती आणि आता तीच चहा पिता पिता सांगतात, "आम्ही तर तेव्हाच म्हणालो होतो!" काही म्हणाला नव्हता तुम्ही. मी गेटवर असते. मला सगळं दिसतं आणि बरंचसं ऐकूही येतं.

आम्ही दोघी दगड कापायच्या आवारात कामाला आहोत. आवार डोंगराच्या उतारावर आहे, म्हणजे सपाट जागा म्हणून औषधाला सापडायची नाही. वरच्या टप्प्यावर दगडाचे ठोकळे आणि कापून रचलेल्या लाद्यांच्या पेट्या, मधे करवतीची शेड, सगळ्यात खाली ट्रक भरायचं मैदान आणि मैदानाच्या तोंडाशी माझं गेट. वरून खाली यायला एकच वाट. एका बाजूला डोंगर धरून ठेवणारी दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला शेडचे लोखंडी खांब, आणि ऐन मधोमध वाटेला एक बाक, म्हणजे वाकडं वळण. ज्याने कुणी ती शेड बांधली त्याला मी आजही मनातल्या मनात शिव्या घालते. त्या वाटेने पेट्या खाली आणायचं काम माझ्या जावेचं. ती फोर्कलिफ्ट चालवते.

फोर्कलिफ्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोदामातली ती बुटकी गाडी येते, गुळगुळीत फरशीवर पळणारी. ती आमच्याकडे आणा, पहिल्याच खड्ड्यात बसेल रडत. आमची गाडी दगडधोंड्यांतून चालायला केलेली आहे. चाकं माझ्या खांद्याला लागतात, पोट जमिनीपासून उंच, पुढे लांब होणारा हात आणि त्या हाताला काटे. दिसायला धूड आहे, पण वळते अशी की बघत राहावं. साध्या चालीत पुढचीच चाकं वळतात, आपल्या नेहमीच्या मोटारीसारखी. गोल चालीत पुढची एकीकडे आणि मागची बरोबर उलटीकडे वळतात, मग गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरते. आणि तिसरी ती तिरकी. तिच्यात चारही चाकं एकाच बाजूला वळतात आणि गाडी तोंड समोर ठेवून खेकड्यासारखी बाजूला सरकते. आमच्या त्या वाकड्या वाटेत तिरकी चाल नसती तर आवाराला कधीच कुलूप लागलं असतं.

आणखी एक गंमत आहे तिच्यात. एक चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी कलली, तर एका दांड्याने तिचं सगळं अंग सरळ करता येतं, म्हणजे काटे आडवे होतात आणि पेटी घसरत नाही. ते मात्र ओझं खाली असतानाच करायचं. ओझं वर उचललेलं असताना तो दांडा हलवला तर गाडी सरळ व्हायच्या ऐवजी आडवी होते. हे मला कसं ठाऊक? जेवताना, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना आमच्या घरात याच गोष्टी चालतात. माझी जाऊ बोलते आणि मी ऐकते, सुटका कुठे आहे?

लग्न होऊन ती घरी आली त्याच आठवड्यात आमचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. माझा नवरा वरून ओढतोय, धाकटे भावजी खालून ढकलतायत, दोघे घामाने निथळतायत आणि एकमेकांना अक्कल शिकवतायत. ही नवी नवरी वरच्या पायरीवर उभी. म्हणाली, "मागची बाजू आधी भिंतीकडे घ्या ना, पुढची आपोआप सुटेल." माझा नवरा म्हणाला, "तू आत जा, बोट चेमटेल." ती आत गेली नाही. कपाटाखालून वाकून खाली उतरली, भावजींना बाजूला सारलं आणि कपाटाचं बूड स्वतः फिरवलं. कपाट वर गेलं. माझा नवरा आजही शपथेवर सांगतो की ते तसंही जाणारच होतं.

आवारात ती आधी तुकडे निवडायच्या शेडमध्ये होती. दिवसभर खाली मान घालून बसायचं, चांगला तुकडा इकडे, फुटका तिकडे. पण हिची मान खाली राहील तर शपथ. तेव्हा गाडीवर एक म्हातारे ड्रायव्हर होते. तोंडात एकही दात नाही, म्हणून सगळे त्यांना बोळके काका म्हणत. काका डबा खायला बसले की ही गाडीच्या पायरीवर हजर. हा दांडा कशाचा? तो दिवा कसला? मागची चाकं दिसत नाहीत तर कळतं कसं? काका वैतागून गेले. "पोरी, मला घास तरी गिळू दे," म्हणायचे. शेवटी तिला गप्प बसवायला म्हणून त्यांनी तिला सीटवर बसवलं, आणि मग ती काही उतरली नाही. काकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनीच मालकांना सांगितलं, "माझ्यानंतर हिला द्या." मालक आधी हसले. मग इकडेतिकडे बरेच ड्रायव्हर बघून झाले. आमचा उतार आणि ती वाट बघितली की जो तो पाय लावून पळायचा. शेवटी दिली.

आता काकांची एक पद्धत सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. एका चालीतून दुसऱ्या चालीत जायचं तर आधी चारही चाकं सरळ करावी लागतात. नाही केली तर मागची चाकं वाकडीच्या वाकडी अडकून राहतात, आणि समोर बसलेल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मागची चाकं सरळ झाली की पेटायला गाडीत एक हिरवा दिवा आहे. तो दिवा काकांच्या काळातच मेला. मालकांना कितीदा सांगितलं, त्यांचं उत्तर ठरलेलं, "करू, करू." मग काकांनी स्वतःची रीत लावली. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना चाकं सरळ करून उतरायचं, मागे जाऊन डोळ्यांनी बघायचं, आणि किल्ली देताना तोंडाने म्हणायचं, "सरळ." समोरच्याने तो शब्द ऐकल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. बस, एवढंच. ना राम राम, ना बरं आहे ना, नुसतं "सरळ". नवख्या माणसाला वाटायचं, दोघांचं भांडण झालंय.

काका काम सोडून घरी बसल्यावर आवाराचं काम वाढलं आणि मालकांनी दुसऱ्या पाळीला आपला भाचा आणला. उगाच कशाला खोटं बोलू, मुलगा वाईट नाही. हसरा आहे, हात चलाख आहे, मला गेटवर "काकू, चहा घेणार का?" म्हणून विचारतो. पण मामाचा भाचा म्हणून आवारात त्याला जरा जास्तच वारा लागला होता. ती "सरळ" म्हणायची रीत त्याला पोरखेळ वाटायची. सुरुवातीला म्हणायचा, मग हसत म्हणायला लागला, मग अर्धाच शब्द, तोही पाठ फिरवून. माझ्या जावेने त्याला दोनतीनदा सुनावलं. "शब्द नीट म्हण, नाहीतर किल्ली तुझ्याकडेच ठेव." तो म्हणायचा, "काकू, किती टेन्शन घेता!"

त्या दिवशी सकाळची पाळी त्याची होती आणि दुपारची हिची. त्याला कुठेतरी जायची घाई होती. गाडी त्याने शेडजवळ लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि मोटरसायकलवर बसून निघून गेला. ना शब्द, ना माणूस. माझी जाऊ आली तेव्हा खाली ट्रकवाला हॉर्न वाजवून कान किटवत होता, करवतवाला वरून हाका मारत होता, मालक "चला, चला" करत होते. तिने खुंटीवरची किल्ली घेतली. शब्द ऐकला नव्हता, तरी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. चाल साधी लावलेली होती, पुढची चाकं सरळ दिसत होती, ती निघाली. मागची वाकडी होती. गाडीचं बूड भस्सकन बाजूला गेलं आणि शेडच्या खांबावर आदळलं. खांब वाकला, वरचे पत्रे करवतीवर कोसळले. करवतवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. त्याला नुसतं खरचटलं, पण ओरडला असा की मला वाटलं मेला.

मालक धावत आले. माझी जाऊ गाडीतून उतरली, मागे गेली, चाकं बघितली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चाकं वाकडी ठेवली होती. पण न बघता, न ऐकता किल्ली मी घेतली. ही माझी चूक." लगेच म्हणाली हो, कुणी विचारायच्या आधी. मग करवतवाल्याकडे गेली, त्याचा हात धुतला, त्याची माफी मागितली.

पण मालकांना ते पुरेना. त्यांनी भाच्याला बोलावलं. तो संध्याकाळी आला. मालकांनी विचारलं, "तू गाडी कशी लावली होतीस?" आणि तो म्हणाला, "व्यवस्थित, मामा. नेहमीसारखी." बघितलंत? मी तिथेच उभी होते. माझे हात नुसते शिवशिवत होते.

दुसऱ्या दिवशी मालकांनी निकाल दिला. बाईला गाडी झेपत नाही. दोन्ही पाळ्या भाचा बघेल. बाईने पुन्हा तुकडे निवडायला बसावं, आणि सगळ्यांसमोर म्हणावं की गाडी तिच्याच हातून खांबावर गेली, भाच्याचा काही संबंध नाही. म्हणजे विषय मिटेल. सगळे ऐकत होते, करवतवाला, हमाल, निवडणाऱ्या बायका. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

ती म्हणाली, "किल्ली घेतली ती माझी चूक, ती मी सांगितली. गाडी झेपत नाही हे खोटं आहे. खोटं मी बोलणार नाही आणि निवडायलाही बसणार नाही."

"मग घरी बस," मालक म्हणाले.

"घरी पण बसणार नाही," ही म्हणाली.

घरी तिला मी खूप बोलले. काय करणार, माझा स्वभाव. "अगं, म्हणून टाक ना बाई एक वाक्य! चार दिवसांनी सगळे विसरतील. भाचा कुठेतरी आपटेल, मालक पुन्हा तुलाच बोलावतील. तोंडाची वाफच दवडायची आहे ना?" भावजी बिचारे कोपऱ्यात बसून पोळी चिवडत होते, त्यांना आमच्या दोघींच्या मधे पडायची हिंमत नाही.

ती म्हणाली, "जाऊबाई, मी चूक मान्य केली. बदनामी मान्य करणार नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या आवारात गेले तर तिथेही हेच पोचेल, की हिला झेपत नाही. आणि मग माझ्यामागून जी कुणी त्या पायरीवर पाय ठेवेल तिलाही हेच ऐकवतील." मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला ती गाडी आवडते हो." एवढं म्हटलं आणि ती रडायला लागली. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.  तिची गाडी जाणार होती, आणि ती गेली की तिच्यातलं काय उरणार, या विचाराने मलाच झोप लागेना.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज कामाच्या वेळेला माझ्याबरोबर निघायची, कामाचे बूट घालून, केस घट्ट बांधून, डबा घेऊन. आणि गेटबाहेर एक मोठा दगड आहे, त्यावर बसायची. आत येत नव्हती, घरीही जात नव्हती. येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला दिसायची. ट्रकवाले विचारायचे, "काकू, आज गाडीवर नाही?" ती म्हणायची, "मालकांना विचारा." झालं, जो तो मालकांना विचारायला लागला. मालकांच्या नाकी नऊ आले.

मालक माझ्याकडे आले. "तुमच्या जावेला तिथून हलवा."

मी म्हटलं, "गेटच्या आत असती तर हलवली असती. बाहेरचा रस्ता आपला नाही."

"तुम्हालाही काम नकोय का?"

आता मात्र माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "माझं काम गेट बघायचं आहे, ते मी बघतेय. जावेला घरी कसं वागवायचं ते माझं मी बघेन. आणि तो हिरवा दिवा कधी बसवताय, तेवढं सांगा." तोंडावर म्हटलं. 

भाच्याचं मात्र अवघड चाललं होतं. मोकळ्या मैदानात तो गाडी छान फिरवायचा, पण त्या बाकापाशी आला की त्याचा वेग एकदम मंद व्हायचा, मग थांबायचा, मग मागे जायचा. पेट्या साचत गेल्या. आणि एके दिवशी दुपारी व्हायचं तेच झालं.

एक मोठी पेटी होती, लांब लाद्यांची. खाली ट्रक उभा, त्याचा ड्रायव्हर खोळंबलेला. भाचा तिरक्या चालीत वाटेत शिरला, निम्मी वाट आला, आणि बाकापाशी लांब पेटीचं टोक भिंतीला लागतंय असं दिसल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. एक, काट्यांवरची पेटी भिंतीच्या वर येईल इतकी उचलली. दोन, चाकं सरळ न करताच गोल चाल लावली. पुढची चाकं एकीकडे, मागची आपल्याच तंद्रीत भलतीकडे. गाडी कशीतरी वेडीवाकडी सरकली आणि मागचं एक चाक भिंतीच्या पायथ्याच्या गटारात उतरलं. गाडी कलली. वर ती पेटी. तो घाबरून पुढे मागे करायला लागला, तसं चाक आणखीच खाली.

मी गेटवरून बघत होते. माझी जाऊ बाहेर दगडावरून उठून उभी राहिली होती. तिला त्याचा हात दिसला. गाडीचं अंग सरळ करायच्या त्या दांड्याकडे तो हात चालला होता.

"हात लावू नकोस!" ती अशी ओरडली की ट्रकवाल्याचा चहा सांडला. "ओझं वर आहे! हात काढ! इंजिन बंद कर!"

त्याने ऐकलं. इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. उतरताना पायरी चुकून गुडघ्यावर पडला. मालक धावले, सगळे धावले. कुणी म्हणे क्रेन बोलवा. क्रेन त्या वाटेत शिरणार कुठून, हे कुणी सांगेना. मालक जरा वेळ कपाळावर हात मारत फिरले आणि मग तिथूनच मला ओरडून म्हणाले, "बोलवा तिला!"

मी काही बोलावलं नाही. ती आधीच निघाली होती. माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. मीही तिच्यामागून वाटेपर्यंत गेले.

वर जाऊन ती गाडीभोवती सावकाश फिरली. वाकून चाकाखाली बघितलं, पेटीकडे बघितलं. मालक म्हणाले, "बस लवकर, बाई, काढ ती." भाचा किल्ली घेऊन उभा होता. त्याने हात पुढे केला. तिने किल्ली घेतली नाही.

"चाकं कशी आहेत?" तिने विचारलं.

तो बावचळला. "काकू, तुम्हीच बघितली ना आत्ता."

"तू बघ आणि तू सांग."

तो मागे गेला, वाकला, पुन्हा पुढे आला. "मागची वाकडी आहेत."

"आणि त्या दिवशी?"

तो किल्ली बोटांत फिरवायला लागला. मालक मधे पडले. "आता हे काय उकरून काढतेस? आधी गाडी काढ, बाकीचं नंतर बघू."

"गाडी कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. नुसती त्या मुलाकडे बघत राहिली. आणि मग मी बघितलं, करवतवाला पुढे आला आणि मालकांच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. निवडणाऱ्या बायकाही शेडमधून बाहेर आल्या. इतके दिवस कुठे होतात, असं मनात आलं, पण म्हटलं चला, आलात हेही नसे थोडके.

भाच्याचं तोंड लाल झालं होतं. मामाकडे न बघता तो म्हणाला, "त्या दिवशीही वाकडीच ठेवली होती. मला घाई होती. मी शब्दही म्हटला नव्हता. मामा, मी तुमच्याशी खोटं बोललो."

शप्पथ सांगते, त्या क्षणी त्या पोराबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं. मालकांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

"आता किल्ली दे," माझी जाऊ म्हणाली. "आणि पळून जाऊ नकोस. मागे उभा राहा. मला मागची चाकं दिसत नाहीत, तू हाताने दाखव."

ती वर चढली. तुम्हाला वाटेल, मग तिने चुटकीसरशी गाडी काढली. काही नाही. फार वेळ गेला. आधी तिने तो लांब हात जरा जरा आत घेतला आणि पेटी हळूहळू खाली आणली, वाटेवर टेकवली, काटे सोडवून घेतले.  मग एक पाय ब्रेकवर ठेवून गाडी नुसती मुंगीसारखी रांगवत ती चाकं सरळ करायला लागली. भाचा मागे उभा राहून दोन्ही हातांनी दाखवत होता, अजून, अजून, थांबा, जास्त झालं. दोनदा चाक गटारातून वर येऊन पुन्हा घसरलं. ती काय शिव्या देत होती ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ दिसत होते, आणि मी तिला ओळखते. भिंतीला गाडीचं बूड घासलं, पिवळा रंग भिंतीवर लागला. मालक "अरे, अरे" करायला लागले तर करवतवाला म्हणाला, "जरा गप्प राहता का?" मालकांना! मी जन्मात ऐकलं नव्हतं.

शेवटी चाक वर आलं. भाचा मागून ओरडला, "सरळ!" तिने तिरकी चाल लावली, गाडी भिंतीपासून बाजूला सरकली, तोंड समोर, अंग सरळ. मग पुढे होऊन तिने ती पेटी पुन्हा उचलली, आता जमिनीलगत, आणि बाकातून अशी काढली की टोक आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढीच जागा होती. खाली आणून ट्रकमध्ये ठेवली. ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या, तर तिने त्याला हाताने गप्प केलं.

मालक गाडीपाशी आले. कपाळावरचा घाम पुसला. एवढं सगळं होऊन, एवढं ऐकून, हा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "बरं झालं. आता उतर, बाई. उद्या काय ते बसून ठरवू."

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी मालकांकडे निघालेच होते. पण तिने मला हाताने थांबवलं. इंजिन चालूच होतं.

"उतरणार ना," ती म्हणाली. "पाळी संपली की उतरेन."

"पाळी भाच्याची आहे."

"दुपारची माझी. नेहमीच माझी होती."

मालकांनी भाच्याकडे बघितलं. भाचा मान खाली घालून म्हणाला, "दुपारची त्यांचीच आहे, मामा."

"इथे मालक कोण आहे?" मालक ओरडले. एवढा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

ती सीटवरून जरा पुढे वाकली. "तुम्हीच आहात. आवार तुमचं, दगड तुमचे, गाडी तुमची, कुणी नाही म्हणालं का? पण वर अजून बऱ्याच पेट्या पडल्यात, आणि तुम्ही वाटेत उभे आहात."

तिने दार ओढून घेतलं आणि गाडी पुढे घेतली. मालक बाजूला झाले.